मंद आचेचा ठिपका

मुलांनो, कल्पना करायची म्हटलं की सगळे आधी डोळे मिटायला सांगतात. तुम्ही मिटू नका, उघड्या डोळ्यांनीच बघा. शाळा सुटली आहे आणि तुम्ही फाटकापाशी उभे आहात. आज तुमचं चित्र वर्गाच्या भिंतीवर लागलं आहे, आणि ही बातमी कुणाला तरी सांगितल्याशिवाय तुमच्या पोटात राहणार नाही. तेवढ्यात समोरून तुमचा मामा येतो. लांबचा नव्हे, सख्खा, तुमच्याच घरात राहणारा. तुम्ही हात हलवता. तो सरळ तुमच्या तोंडाकडे बघतो आणि पुढे चालू लागतो. हसत नाही की थांबत नाही. तुम्ही हाक मारायला तोंड उघडता, आणि तसंच मिटता. दहा पावलांवर रस्ता खणणाऱ्यांची रबरी नळी आडवी पडलेली असते. तुमचा मामा पाय उचलून ती अलगद ओलांडतो. पुढचं डबकंसुद्धा चुकवतो.

आणि या मामाबद्दल घरात सगळे म्हणत असतात, की त्याची नजर गेली आहे.

सांगा बरं, काय आलं असतं तुमच्या मनात?

आपल्या गोष्टीतल्या मुलीच्याही मनात तेच आलं. ती दहा वर्षांची होती आणि घरात तिला ‘फौजदार’ म्हणत. बिस्किटांच्या डब्यात कालच्यापेक्षा दोन कमी असली, तर कुणी खाल्ली हे शोधल्याशिवाय ती जेवायला बसत नसे. आईच्या पर्समध्ये नवीन चावी दिसली, की ती कुठल्या कुलपाची याची चौकशी व्हायची. हे टोपणनाव मामानेच ठेवलं होतं. तेव्हा त्याला बिचाऱ्याला काय माहीत, की एक दिवस चौकशी त्याचीच होणार आहे!

मामा सायकली दुरुस्त करायचा. चाक वाकडं फिरायला लागलं की त्याच्या तारा ताणून ते सरळ करण्यात गावात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. दोन वर्षांपूर्वी त्याला अक्षरं वाकडी दिसू लागली, मग पुसट, मग दिसेनाशी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, की हे आता परत येणार नाही. मामा दुकानात जायचा थांबला, स्वतःची खोली सोडून ताईकडे, म्हणजे फौजदाराच्या आईकडे राहायला आला, आणि चार महिने पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपून राहिला.

मग एका मंगळवारी ठिपकेवाली आली.

ती दृष्टिसेवा केंद्राची बाई होती. दर मंगळवारी आणि शुक्रवारी चार वाजता यायची. खांद्याला मोठी पिशवी, आणि पिशवीत चिकटवायचे फुगीर पिवळे ठिपके. घरभर तिने ठिपके लावले. कपडे धुण्याच्या यंत्रावर लावले, दिव्याच्या बटणांवर लावले, औषधाच्या बाटल्यांवरही लावले. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पांढऱ्या पट्ट्या डकवल्या. काळा चहा पांढऱ्या कपात आणि दूध निळ्या कपात, असा नियम तिनेच केला. मामाचा फोन बोलायला लागला. मामा पलंगावरून उठला, दाढी करायला लागला, एकटा रस्त्यावर जायला लागला. तो तिला ‘बाई’ म्हणायचा.

“चाळिशीत परत पहिलीत बसलोय,” तो म्हणायचा. “आणि आमच्या बाई मारकुट्या आहेत हो!”

“अजून मारलं कुठं?” ठिपकेवाली म्हणायची. “कांदा चिरायला शिकवेन तेव्हा रडाल, दादा.”

शेगडीवरचे ठिपके सर्वांत महत्त्वाचे. शेगडी विजेची होती. तिच्या गोल बटणावर एक ठिपका, आणि शेगडीच्या अंगावर, जिथे आच मंद होते तिथे दुसरा. बटण फिरवायचं, दोन्ही ठिपके बोटाखाली एका रेषेत आले की थांबायचं. या दोन ठिपक्यांच्या भरवशावर मामा रोज पाच वाजता भाचीसाठी दूध तापवायचा. आई दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर कामाला होती, ती सहाला घरी यायची. दोन वर्षांत मामाने घरासाठी केलेलं हे पहिलं काम होतं. निळा कप तिच्यासमोर ठेवताना तो असा ठेवायचा, जसं काही पदकच ठेवतोय.

पण फाटकापाशी घडलं त्या दिवसापासून फौजदाराला ते दूध कडू लागायला लागलं.

त्यात भर घातली खिडकीकाकूंनी. त्या समोरच्या घरात राहत आणि दिवसाचे आठ तास खिडकीत असत. गल्लीतली मांजरं कधी व्यायली हेसुद्धा त्यांच्याकडे तारीखवार मिळे.

“काय गं,” एकदा त्यांनी फौजदाराला खालीच गाठलं, “तुझ्या मामाला म्हणे दिसत नाही?”

“हो.”

“मग परवा डबकं कसं चुकवलंन्? मी बघत होते ना. पांढरी काठी पिशवीत घडी करून, आणि चालतोय कसा ताठ! मला काय करायचंय म्हणा. पण पाणी कुठंतरी मुरतंय हो.”

फौजदार तशीच जिना चढली. घरी येऊन तिने एक जुनी वही काढली, वर लिहिलं ‘मामा’, आणि खाली रेघ मारली.

पहिली परीक्षा अशी घेतली. जाण्यायेण्याच्या वाटेत मधोमध खुर्ची ठेवली. मामा आला, जरा थबकला, खुर्चीला वळसा घालून गेला. वहीत नोंद झाली, ‘दिसतं.’

दुसरी परीक्षा. जेवताना समोर बसून तिने जीभ बाहेर काढली, डोळे तिरळे केले, नाकपुड्या फुगवल्या. मामा तिच्याकडे बघतच म्हणाला, “आज फौजदारसाहेब गप्प का?” आईने मात्र पाठीत धपाटा घातला. वहीत नोंद झाली, ‘दिसत नाही. किंवा पक्कं ढोंग.’

तिसरी परीक्षा. मामाच्या जुन्या हत्यारांच्या पेटीतला एक बारीक लोखंडी छर्रा तिने लादीवर सोडला. मामाने मान तिरकी केली, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि घड्याळाकडे बघतबघतच खाली वाकून छर्रा उचलला. वहीत नोंद झाली, ‘दिसतं. पण भिंतीकडे का बघितलं?’

हे भिंतीकडे बघणं तिला भारी खटकायला लागलं. अलीकडे तो तिच्याशी बोलतानाही तिच्याकडे बघत नसे. ती शाळेतलं काही सांगायला लागली, की त्याची नजर तिच्या डोक्यावरून मागच्या कपाटाकडे जायची आणि तिथेच खिळायची. खोटं बोलणारी माणसं डोळ्याला डोळा देत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. वर्गात ती स्वतः कितीदा तरी छताकडे बघत खोटं बोलली होती.

आणि मग तो मंगळवार. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं होतं, आत मामा आणि ठिपकेवाली. फौजदाराने दाराला कान लावला.

“अजून बाजूला,” ठिपकेवाली म्हणत होती. “अजून थोडं. माझ्याकडे बघू नका, दादा! कितीदा सांगायचं? बघितलंत की फसलात.”

“सवय आहे हो बाई. जन्माची सवय.”

“सोमवारी तपासनीस येतील, त्यांच्यासमोर नीट करून दाखवायचंय. ते मंजूर म्हणाले तरच यंत्र मिळेल. हां, आता कसं! अगदी बरोबर. कोण म्हणेल तुम्हाला शिकवलंय म्हणून!”

फौजदार दारापासून मागे सरकली. माझ्याकडे बघू नका. बघितलंत की फसलात. तपासनीसांसमोर करून दाखवायचं. आता आणखी पुरावा तो काय हवा? ठिपकेवाली मामाला ढोंग शिकवत होती!

यंत्राची गोष्ट घरात सगळ्यांना माहीत होती. केंद्राकडे एक पडद्याचं यंत्र होतं. त्याच्याखाली वस्तू धरली की ती पडद्यावर ताटाएवढी दिसायची. तपासनीसांनी होकार दिला, तर ते सायकलच्या दुकानात मामाच्या जागेवर बसवणार होते, आणि दोन महिने ठिपकेवाली तिथेही शिकवायला जाणार होती. दुकानमालकाने चाकांची जागा अजून दुसऱ्या कुणाला दिली नव्हती. “तुझी आहे, तू ये,” असा त्याचा निरोप होता. मामा रोज रात्री जेवताना त्याच जागेबद्दल बोलायचा. हवा मारायचा पंप डावीकडे ठेवू की उजवीकडे, यावर त्याने आईचं डोकं उठवलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, की या मुलीने सरळ आईला विचारायचं. बरोबर आहे. पण संशय हा असा पाहुणा आहे, की तो आला की घरातल्या दुसऱ्या कुणाशी आपल्याला बोलूच देत नाही. तिने विचारलं नाही. तिने शेवटची परीक्षा घ्यायची ठरवली.

बुधवारी ती शाळेतून आली तेव्हा मामा न्हाणीघरात होता. तिने शेगडीच्या अंगावरचा ठिपका नखाने उचकटला. मंद आचेच्या जागेवरून काढला आणि सगळ्यांत मोठ्या आचेच्या जागी दाबून चिकटवला. तिचा हिशेब सोपा होता. मामाला दिसत असेल, तर शेजारी छापलेले आकडे त्याला दिसतील आणि तो फसणार नाही. दिसत नसेल, तर थोडं दूध उतू जाईल. एवढंच.

पाच वाजता मामा आला. पातेलं ठेवलं, बोट ठिपक्यावर ठेवलं, बटण फिरवलं. फिरवताना मध्येच थांबला. कपाळाला आठी पडली. पुन्हा बोटांनी दोन्ही ठिपके चाचपले. ते एका रेषेत येत नव्हते, म्हणून त्याने बटण आणखी फिरवलं. आले. त्याने हात काढला आणि निळा कप घ्यायला वळला.

फौजदार टेबलाशी वही घेऊन बसली होती. दूध चढायचा आवाज तिला आधी आला. मामालाही आला. तो झटकन वळला आणि नेहमी मंद आचेवर जसं हलकेच उचलायचा, तसं उघड्या हाताने पातेलं उचलायला गेला. उकळतं दूध त्याच्या उजव्या हातावर आलं.

तो ओरडला नाही. नुसता मोठ्याने श्वास घेतला. हाच आवाज तिला नंतर कितीतरी दिवस ऐकू येत होता.

“नळ,” तो म्हणाला. “मला नळाकडे ने.”

तिने नेलं. नळाखाली त्याचा हात धरला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं लालबुंद झाली होती. आणि तरी तो तिलाच विचारत होता, “तुझ्यावर नाही ना उडालं? खरं सांग.”

मग आईची पावलं जिन्यात वाजली. त्या दिवशी ती नेमकी लवकर आली होती. मामाला नळाशी सोडून फौजदार शेगडीकडे धावली, ठिपका उचकटला आणि परत मंद आचेच्या जागी दाबला.

झालं. आता काही घडलंच नव्हतं.

आईने आधी मलम लावलं, मग शेगडी तपासली, आणि मग तिचा संशय तिच्या वाटेने निघाला. “त्या बाईनं ठिपका चुकीचा लावला असणार. येऊ दे शुक्रवारी, विचारतेच. आणि सोमवारी त्या तपासनीसांनाही सांगते.”

शुक्रवारी आई मुद्दाम लवकर घरी आली होती. चारला ठिपकेवाली आली. तिने शेगडी लावली, बटण फिरवलं, आच बघितली, बंद केली, पुन्हा लावली.

“ठिपका जागेवरच आहे,” ती म्हणाली. मग वाकून ठिपक्याच्या कडेवरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी लागलं. ते तिने चिमटीत धरून उजेडात बघितलं. ती सरळ उभी राहिली तेव्हा तिची नजर टेबलापाशी बसलेल्या फौजदारावरून गेली. थांबली की नुसती गेली, हे काही कळलं नाही.

“जागेवर आहे ना?” मामा म्हणाला. “मग माझी बोटंच चुकली.”

“दादा, एकदा चूक—”

“एकदा? बाई, मी ब्रेक बसवतो. लोक त्या सायकलवर पोराबाळांना बसवून उतारावरून जातात. ज्या हाताला मंद आच आणि मोठी आच कळत नाही, त्या हातात कुणाचा ब्रेक देऊ?” पट्टी बांधलेला हात त्याने मांडीखाली दडवला. “डोळे गेले तेव्हा वाटलं होतं, हात तरी आहेत. सोमवारी त्यांना सांगून टाकू. यंत्र नको, दुकान नको. ते दुसऱ्या कुणाला तरी द्या.”

आईने खूप समजावलं. ठिपकेवालीने समजावलं. मामा एकच वाक्य म्हणत राहिला, “ठिपका जागेवर होता ना?” ज्या एकीकडे याचं उत्तर होतं, ती वहीचं पान नखाने कुरतडत बसली होती.

जाताना ठिपकेवाली म्हणाली, “फौजदार, जिन्याची एक पट्टी सुटलीय. जरा मदतीला ये.”

दोघी जिन्यात बसल्या. ठिपकेवालीने पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली, कापसाने पायरीची कड पुसली. फौजदार वाट बघत होती, की आता ही बोलणार. ती तीच कड पुन्हा पुसत राहिली. शेवटी फौजदाराच्याच तोंडून निघालं, “मावशी, मामाला डबकं दिसतं. खुर्ची दिसते. लादीवरचा छर्रासुद्धा दिसतो.”

“हो. दिसणारच.”

“मग मी का दिसले नाही? फाटकापाशी. मी अगदी समोर होते.”

“अगदी समोर होतीस म्हणूनच.” ठिपकेवालीने कापूस खाली ठेवला. “त्याच्या नजरेला मधोमध भोक पडलंय गं. कडा शाबूत आहेत. जमिनीवरची नळी, डबकं, खुर्ची, ही कडेनं दिसतात. पण तो जिथं सरळ बघेल तिथंच काही नसतं. चेहरा, अक्षर, आकडा, सगळं त्या भोकात जातं. तुझ्याकडे त्यानं सरळ बघितलं, म्हणजे तू त्या भोकात होतीस.”

“मग त्याला माझं तोंड कधीच दिसणार नाही?”

“मधला रस्ता बंद असला तर आपण काय करतो? गल्लीनं जातो. ज्याला बघायचं त्याच्याकडे न बघता जरा बाजूला बघायचं, म्हणजे तो कडेच्या नजरेत येतो. सवय लागायला फार अवघड असतं. माणूस बोलायला लागला की डोळे आपोआप त्याच्यावर जातात, आणि गेले की फसले! आणि प्रत्येकाची गल्ली वेगळी. तुझ्या मामाची शोधायला आम्हाला पाच आठवडे लागले. वरच्या अंगाला, थोडी उजवीकडे.”

जेवणाच्या टेबलावर तिची खुर्ची, समोर मामाची. मामाच्या जागेवरून वर, थोडं उजवीकडे काय आहे?

“कपाट,” ती म्हणाली. “तो सारखा कपाटाकडे बघतो.”

“कपाट कशाला बघेल? काय आहे कपाटात?”

दोन आठवडे फौजदाराने वहीत लिहून ठेवलं होतं, की मामा तोंड फिरवतो. आणि तो तोंड फिरवत होता ते तिचं तोंड दिसावं म्हणून.

ठिपकेवालीने पट्टी दाबली, अंगठ्याने टोकापर्यंत घासत नेली. मग पायरीकडेच बघत म्हणाली, “काही लावायच्या आधी मी नेहमी स्पिरिटनं पुसते. माझ्या ठिपक्याखाली धूळ नसते.” ती थांबली. “आता आहे. धूळ आणि निळ्या लोकरीचा धागा.”

फौजदाराच्या अंगात निळा स्वेटर होता.

“तुम्ही सांगणार?” तिने विचारलं. आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही.

“काय सांगू? मी काही बघितलेलं नाही. मला नुसता संशय आहे, आणि नुसत्या संशयावर मी बोलत नाही. उद्या धागा कुठून तरी उडून आलेला निघाला, तर?” तिने पिशवी खांद्याला लावली आणि एकेका पांढऱ्या पट्टीवर पाय देत उतरून गेली.

शनिवार आणि रविवार कसे गेले म्हणता? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते काही खोटं नाही. आई नुसती “इकडे ये” म्हणाली तरी फौजदाराला वाटे, कळलं. फोन वाजला की वाटे, ठिपकेवालीचाच. पाच वाजता मामा स्वयंपाकघरात गेला नाही. सहाला आईनेच दूध दिलं, तेही हातात पहिला आला त्या कपात. जेवताना मामाने एकदा मान वर करून कपाटाकडे बघितलं, खूप वेळ बघितलं, आणि विचारलं, “रडलीस का गं?”

“नाही,” ती म्हणाली, आणि छताकडे बघितलं.

सोमवारी आईने रजा काढली होती आणि फौजदाराने शाळा बुडवली होती. दहा वाजता तपासनीस आले. उंच गृहस्थ, काखेत फाइल, बोलणं मोजकं. सगळे स्वयंपाकघरातच बसले, कारण मोठं टेबल तिथेच होतं. आई त्यांच्या पेनाकडे असं बघत होती, जसं काही त्यातून साप निघणार आहे. ठिपकेवाली दाराशी उभी होती. फौजदार भिंतीला पाठ लावून खिडकीपाशी.

तपासनीसांनी एकेक प्रश्न विचारला. घरात एकटे वावरता? बाहेर जाता? फोन वापरता? मामा ‘हो’ म्हणत गेला.

“केंद्राच्या सेवेबद्दल काही तक्रार?”

आईने तोंड उघडलं. मामाने हात वर केला. “नाही. काही तक्रार नाही. बाईंनी सगळं नीट शिकवलं. मलाच जमलं नाही.”

“म्हणजे?”

“यंत्राचा अर्ज मागे घ्यायचाय. कामावर परत जात नाही मी. हाताचा भरवसा राहिला नाही.” पट्टीचा हात त्याने टेबलावर ठेवला. “ठिपका जागेवर असताना भाजून घेतलं.”

“अरे, पुन्हा एकदा विचार कर,” आई म्हणाली.

“ताई, झाला करून.”

तपासनीसांनी ठिपकेवालीकडे बघितलं. तिने खांदे किंचित उचलले. तिला बोलायचं होतं, हे दिसत होतं. तपासनीसांनी फाइल उघडली, पान शोधलं, पेनाचं टोपण काढलं.

“अर्जदाराने स्वतःहून अर्ज मागे घेतला, असं लिहितो.”

आणि पेन कागदाला टेकलं.

फौजदार भिंतीपासून निघाली. ती शेगडीपाशी गेली, मंद आचेचा ठिपका नखाने उचकटला आणि सगळ्यांत मोठ्या आचेच्या जागी चिकटवला. मग टेबलापाशी आली. मामाचा डावा हात धरला, त्याला खुर्चीवरून उठवलं, शेगडीपर्यंत आणलं आणि त्याचं बोट ठिपक्यावर ठेवलं.

“मामा,” ती म्हणाली, “बुधवारी तो इथं होता.”

मामाचं बोट ठिपक्यावरून बटणावर गेलं, बटणावरून परत ठिपक्यावर.

“कुणी ठेवला?”

“मी. आणि आई आली तेव्हा परत मीच जागेवर लावला.”

“कार्टे!” आई ओरडली. “अगं, हात गेला असता त्याचा!”

“थांब, ताई.” मामाचा आवाज कोरडा होता. “का ठेवलास?”

“मला वाटलं, तू ढोंग करतोस. तुला दिसतं आणि तू मला ओळख दाखवत नाहीस.”

मामाने बटण हळूहळू फिरवलं, मंद आचेच्या जागेपाशी आणलं, तिथे थांबला. पुन्हा पुढे नेलं, मोठ्या आचेपर्यंत. पुन्हा मागे.

“मी इथं थांबलो होतो,” तो म्हणाला. तो तिच्याशी बोलत नव्हता, स्वतःशीच बोलत होता. “बुधवारी. मला वाटलं होतं, बटण जास्त फिरतंय. वाटलं होतं मला! पण ठिपका सांगत होता पुढे जा, म्हणून गेलो.” त्याने भाजलेला हात वर धरला. “बाई, म्हणजे हाताला कळलं होतं.”

“हाताला कळलं होतं, दादा,” ठिपकेवाली म्हणाली.

तपासनीसांनी घसा साफ केला. “मग मी काय लिहू?”

“अजून काही लिहू नका,” मामा म्हणाला. “टोपण लावा. पाच मिनिटं द्या मला.” मग तो भाचीकडे वळला. त्याचा चेहरा अजून रागातच होता आणि तो तिने नीट बघितला. “तुझ्याशी मी दोन दिवस बोलणार नाहीये. नंतरचं नंतर. आधी हा ठिपका काढ तिथून.”

तिने काढला. इतक्यांदा उचकटून त्याचा चिकटपणा गेला होता, तो तिच्या बोटावरून गळून पडला. ठिपकेवालीने पिशवीतून एक कोरा ठिपका आणि स्पिरिटची बाटली काढून ओट्यावर ठेवली.

फौजदाराने शेगडीची कड कापसाने पुसली. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पुन्हा एकदा पुसली. मग मामाचं बोट हातात घेऊन बटणावर ठेवलं आणि म्हणाली, “मंद कुठं होतं ते तू सांग. मी तिथं लावते.”